उसनी भूक

"जे निघतं तेच पोचतं," पडद्यावरच्या दोन रेषा एकमेकींवर ठेवून दाखवत अस्लम म्हणाला. "बघ, केसाचाही फरक नाही. सेतूत दोष नाही, रेवती."

"मग आईचं वजन का उतरतंय?"

मिरजेच्या अन्नपथ संशोधन केंद्रात त्या महिन्यात हाच एक प्रश्न फिरून फिरून विचारला जात होता. तृप्तिसेतूची कल्पना डॉ. रेवती मगदूमची आणि तो प्रत्यक्षात घडवला अभियंता अस्लम मुजावरने. दूरदूरचे तज्ज्ञ तो बघायला येत, दाता-ग्राहकांच्या जोड्या तपासत, माना डोलवत. आणि ज्या एका बाईसाठी हा सगळा खटाटोप मांडला, तिच्याच बाबतीत यंत्राने दगा द्यावा, हे रेवतीला सहन होत नव्हतं.

"चल, पाढा म्हणू," अस्लम म्हणाला. काही अडलं की दोघं अगदी पहिल्या पायरीपासून सगळं मोठ्यानं म्हणत. चूक असली तर म्हणताना सापडते, असा त्यांचा अनुभव होता.

"पोट ताणलं की तशी खबर चेतेवाटे मेंदूला जाते. मेंदू म्हणतो, पुरे," रेवतीने सुरुवात केली. "पोट रिकामं झालं की त्याच वाटेनं दुसरी खबर. मेंदू म्हणतो, वाढ."

"काकूंचं काय बिघडलं?"

"मोठा ताप आला त्यात ती चेता दुखावली. पोट नीट चालतंय, वेळेवर रिकामं होतंय, पण दोन घासांतच 'भरलं' अशी खोटी खबर वर जाते."

"उपाय?"

"सगळे झाले. थोडं थोडं, पण दिवसातून पुष्कळदा खायला दिलं. मऊ, पातळ दिलं. तेल-तूप कमी केलं. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर शतपावली. औषधं दिली. आणि या सगळ्याच्या आधी दुर्बीण घालून पोट तपासलं. लवकर पोट भरतंय आणि वजनही घटतंय म्हटल्यावर आत काही वाढलेलं नाही ना, हे पहिल्यांदा बघायचंच असतं. काही नव्हतं."

"म्हणून सेतू."

"म्हणून सेतू. आईच्या चेतेवर एक कडी बसवली, ती खोटी खबर अडवते. दुसरी कडी दात्याच्या चेतेवर. त्याच्या पोटाची खरी खबर ती बिनतारी पाठवते, थेट आईच्या मेंदूकडं. दात्याला भूक लागली की आईला भूक. दात्याचं भरलं की आईचं भरलं."

"आणि दाता कोण?"

"मी. मी धडधाकट होते, आणि आई दुसऱ्या कुणाला तयार नव्हती."

पाढा बरोबर होता. सुरुवातीचे कितीतरी महिने सेतूही बरोबर होता. सेतू सुरू झाला त्या दिवशी रेवतीच्या आईने, उज्ज्वलाबाईंनी, अख्खी भाकरी खाल्ली, वर आमटी ओरपली आणि शेजारणीला हाक मारून रिकामं ताट दाखवलं. गालाची हाडं झाकली गेली. सैल झालेल्या बांगड्या पुन्हा मनगटावर बसल्या. मग, काहीही कारण नसताना, पुन्हा दोन घासांवर गाडी अडली आणि बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या.

अस्लमने दात्याचा आलेख मागे मागे नेला आणि एकदम टेबलावर थाप मारली.

"सापडलं! काकू दिवस मावळायच्या आत जेवतात ना?"

"होय. आम्ही जैन. अंधार पडल्यावर आई पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही."

"आणि त्याच वेळी इथं आपण काय करतो?"

दोघांची नजर एकदमच टेबलावरच्या भडंगाच्या पुड्याकडे गेली. संध्याकाळचा चहा आला की प्रयोगशाळेत पुडा फुटायचा. पोटभर भडंग, वर दोन कप चहा. आलेखात त्याच वेळेला रेवतीची तृप्तीची रेषा उंच चढलेली होती. म्हणजे लेक भडंग खात होती आणि ताटावर बसलेल्या आईचं पोट भरत होतं! हॉस्टेलवर राहायला गेल्यावर रेवतीने घरची ही शिस्त सोडली ती सोडलीच, आणि आईने त्याबद्दल एका शब्दाने कधी बोल लावला नव्हता. आपल्याच घरची जेवणाची वेळ आपण विसरलो याची रेवतीला लाज वाटली, आणि चूक सापडल्याचा आनंदही झाला. ती कितीतरी दिवसांनी हसली.

दुसऱ्या दिवशी ती चहाही न घेता घरी गेली. उन्हं कलली होती. आईने दोन ताटं मांडली. ज्वारीची गरम भाकरी, दोडक्याची भाजी, मुगाचं वरण, शेंगदाण्याची चटणी. लेक दिवसाउजेडी जेवायला घरी आली म्हणून आईचा चेहरा फुलला होता.

"बस की गं. भाजी गार व्हायच्या आत खा."

"आज आपण बरोबर जेवायचं, आई. मी घास घेतला की तू घ्यायचा."

आईने तसंच केलं. आणि तिसऱ्या घासाला हात ताटातच ठेवून म्हणाली, "बास. भरलं."

रेवतीचा तोल गेला.

"भरलं म्हणजे काय? यंत्र चालू आहे, वेळ जमली आहे, मी समोर बसले आहे! आता कसलं भरलं? आई, तुला जगायचंच नाही काय? बाबा गेल्यापासून तू असंच करतेस. मी रक्त आटवतेय आणि तू साधे चार घास खाईनास!"

आई रागावली नव्हती. तिची नजर लेकीच्या चेहऱ्यावरून खाली उतरली.

"रेवा, तुझ्या ताटात बघ."

रेवतीने बघितलं. भाकरीचा जेमतेम चतकोर तुटला होता. भाजीला नुसतं बोट लागलेलं. वरणावर साय धरायला लागली होती. तिने स्वतः जेवण कधीच थांबवलं होतं आणि ते तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"मला गेल्या संक्रांतीपासून कळतंय," आई हळू बोलली. "तू फोनवर जेवले म्हणायचीस, मला वाटायचं कामाच्या नादात खात नसशील. पण न खाल्लेल्याला भूक लागते गं. मला तर भरल्यासारखं व्हायचं. वर हे इथं, बरगडीखाली, दुखायचं. माझं तर तू तपासलं होतंस. मग हे कुणाचं?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. दोनदा म्हटलं, पोट दाखवून घे. तू म्हणालीस, आई, मीच पोटाची डॉक्टर आहे."

रेवतीला ते आठवलं. दोन्ही वेळा ती हसली होती, हेही आठवलं. त्या आलेखात उंच चढलेली रेषा भडंगाची नव्हतीच. पुडा फुटायचा, पण तिच्या वाट्याचं भडंग हल्ली मूठभरसुद्धा संपत नव्हतं, उरलेलं अस्लम खायचा. सेतूतून जे निघतं तेच पोचतं की नाही, हे दोघांनी रोज तपासलं होतं. निघतं आहे ते काय, हे एकदाही तपासलं नव्हतं. प्रत्येक रुग्णाला ती जे पहिल्यांदा करायला सांगायची, तेच तिनं स्वतःसाठी केलं नव्हतं.

रेवतीच्या पोटात दुर्बीण गेली आणि तपासणाऱ्या डॉक्टरांचं बोलणं मध्येच तुटलं. जठराची भिंत गाठीने आखडून चामड्यासारखी टणक झाली होती, दोन घासांपलीकडे ताणायला तयार नव्हती. पुढच्या तपासण्यांत कर्करोग यकृतापर्यंत पसरलेला निघाला. शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. औषधांनी थोडे महिने मिळतील, एवढंच ते म्हणाले.

रेवती घरी आली तेव्हा आई दारातच उभी होती. तिला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं.

"काय म्हणाले डॉक्टर?" तिनं विचारलं. "दुपारपासून माझ्या घशाखाली काही उतरेना. कुणीतरी आतून पोट आवळून धरल्यागत झालंय."

दुपारीच रेवतीला निदान कळलं होतं आणि त्या धक्क्यानं तिच्या पोटाने भुकेचं नाव टाकलं होतं. तेही जसंच्या तसं घरी पोचलं होतं. मग लपवण्यासारखं काय उरलं? तिने आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि पोटभर रडली. आईही रडली.

आता सेतू असाच ठेवला तर लेकीबरोबर आईही उपाशी मरणार होती. दाता बदलायला हवा होता. पण आई ऐकेना.

"तुझं तोडू नको, रेवा. रात्री तुला मळमळतं ते मला इथं कळतं. तेवढं तरी राहू दे माझ्याकडं."

"माझ्याबरोबर तूही जाशील, आई."

"जाईन की. मागं राहून काय करू?"

रेवती एवढंच म्हणाली, "मला तुला जेवताना बघायचंय. डोळे मिटायच्या आत रोज बघायचंय." तेव्हा कुठे आईने मान हलवली.

अस्लम तर दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रियेला तयार होऊन आला. "माझं पोट दणकट आहे. काकूंना कधी कमी पडायचं नाही."

"तुझं चालणार नाही, अस्लम."

त्याचा चेहरा उतरला. "मी मटण खातो म्हणून? काकूंना विटाळ वाटेल म्हणून?"

"खुळ्या, सेतूतून खबर जाते, मटण जात नाही. ते कारण नाही."

"मग काय कारण?"

रेवतीने सांगितलं नाही. तो खट्टू होऊन गेला.

दाता तिनं स्वतः निवडला. कृष्णेपलीकडच्या एका तालमीतला पैलवान. तिनं त्याला पाहिलं नव्हतं आणि तो तिला ओळखत नव्हता. कडी दुसऱ्या शहरात बसवली. ना त्याला या घरातलं नाव सांगायचं, ना या घराला त्याचं, अशी अट तिनेच घातली. एका बाईला तुझी भूक हवी आहे, एवढंच त्याला ठाऊक होतं.

नवा सेतू सुरू झाला त्या संध्याकाळी रेवती खाटेवर उशांना टेकून बसली होती. वाटीभर आंबिलीतले दोन चमचे तिने कसेबसे घेतले होते. तिकडे पैलवानाची मेहनत संपली असावी. भाकऱ्या भाजत असलेली आई एकाएकी थबकली आणि तिनं पोटावर हात दाबून धरला.

"काय झालं, आई?"

"काही नाही." आईची मान खाली गेली. चोरी सापडल्यासारखी ती पुटपुटली, "भूक लागली."

"मग बस की. दिवस मावळतोय."

आई खाटेजवळ ताट घेऊन बसली. पहिली भाकरी दिसेनाशी झाली. दुसरी झाली. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात थांबत नव्हता. लेक समोर वाळत चालली आहे, आणि आपण हावऱ्यासारखं जेवतो आहोत, याची शरम तिच्या तोंडावर उघड दिसत होती. रेवतीने तिच्या ताटात तिसरी भाकरी सरकवली.

"कोण गं हा?" आई रडत रडत म्हणाली. "घरात असं चाललंय आणि याला खुशाल भूक लागते. याला माझ्या लेकीचं काहीच वाटत नाही काय?"

"नाही वाटत," रेवती म्हणाली. "म्हणून तर तो निवडला. मी जाईन त्या दिवशी अस्लमच्या घशाखाली घास उतरणार नाही, आई. याच्या उतरेल."

आईच्या हातातला घास तसाच राहिला. बाहेर उजेड जेमतेम उरला होता. तिकडे त्या अनोळखी माणसाची भूक अजून भागली नव्हती. थोड्या वेळाने आईने घास तोंडात घातला.