गुलटेकडीचं जहाज

रुमानाने त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो समुद्र काखोटीला मारून जिना चढत होता.

समुद्र म्हणजे फोटोच. पण कसा! हातभर रुंद, गोल, पितळी रंगाच्या चौकटीत बसवलेला, आणि निळा तर इतका की जिन्यातला कळकट उजेडसुद्धा क्षणभर ओला वाटला. त्याच्या दुसऱ्या हातात हातोडी होती आणि ओठांत दोन खिळे. तिने बाजूला होऊन वाट दिली. त्याला 'थँक्यू' म्हणायचं होतं, पण खिळ्यांमुळे नुसतं हसता आलं. ते हसू जरा वाकडंच होतं... आणि तिला उगीचच आवडलं.

गुलटेकडीला, मार्केट यार्डाजवळच्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक संस्था होती. आलिशान क्रूझवर पाहुण्यांना वाढायचं कसं, हे तिथे शिकवत आणि रुमाना तेच शिकत होती. पुण्याला समुद्र नाही याचं पुणेकरांना कधी काही वाटलेलं नाही, उलट समुद्रालाच वाटत असेल. तेव्हा संस्था चालवणाऱ्या गोपाळकृष्ण सरांनी सरळ जहाजच वर आणलं होतं. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, मंद पिवळे दिवे, आणि भिंतीवर खिडक्यांच्या जागी हे गोल समुद्र. खाली कांद्याचे ट्रक बोंबलत मागे घेतले जायचे, जिन्यातून कोथिंबिरीचा वास वर यायचा. पण दार लावलं की जमीन हलल्यासारखी वाटायची.

प्रत्येक बॅचच्या शेवटी आठवडाभराची 'सफर' असे. रोज संध्याकाळी तेच पाहुणे, त्याच टेबलांवर, अगदी जहाजावर असतात तसे. रुमानाच्या टेबलावर लोणी काळभोरचे मच्छिंद्रकाका आणि सोजरबाई हे जोडपं होतं. त्यांच्या मुलाने त्यांचं खरंखुरं क्रूझचं तिकीट काढलं होतं आणि दोघं सरावाला आली होती. तिसऱ्या पाहुण्याने ऐनवेळी दगा दिला. सरांची नजर फिरत फिरत भिंतीवर खिळा ठोकणाऱ्या माणसावर थांबली.

"नाव काय तुमचं?"

"जुनेद. कसबा पेठेत फ्रेमचं दुकान आहे."

"ते दिसतंय. जेवलात का?"

"नाही."

"मग बसा. जेवायला अनुभवाचा दाखला लागत नाही."

लागतो, हे अर्ध्या तासात कळलं. रुमानाने पावाची टोपली ठेवली, त्याने ती संपवली. रिकामी टोपली दिसली की भरायची असं शिकवलेलं, म्हणून तिने भरली. त्याने पुन्हा संपवली. सूप आलं, मासा आला, पास्ता आला. काचेची बशी लख्ख करून तो दरवेळी तिच्याकडे केविलवाणं पाही, आणि तिला वाटे, बिचारा भुकेला दिसतोय. ती आणखी वाढी.

शेवटी त्याने हळूच विचारलं, "अहो... हे थांबतं कधी?"

"तुम्ही थांबलात की."

"मी कसा थांबू? ताटात टाकलं तर अम्मी दुसऱ्या दिवशी घरात घेणार नाही."

"आणि बशी रिकामी ठेवली तर सर मला घेणार नाहीत!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिली, आणि मग तिला असं हसू फुटलं की हातातला चिमटा टेबलावर पडला. सोजरबाईंनी पदर तोंडाला लावला. "आरं लेकरा, हितं समदं खायाचं नसतंय. जेवान लई हाय, पोट येकच हाय."

सर तर पहिल्या दिवसापासून बजावत होते, "जहाजावर अन्न संपत नाही, माणूस संपतो. पहिल्याच रात्री पाहुणा आडवा झाला, तर पुढे आठवडाभर वाढणार कुणाला? टेबलक्लॉथला?" वाढणाऱ्याला मात्र पाहुण्याला 'पुरे' म्हणायची मुभा नव्हती. त्याची भूक शेवटच्या संध्याकाळपर्यंत जागती ठेवायची, आणि त्याला कळूही द्यायचं नाही, यातच सगळं कौशल्य होतं.

पण जुनेदला कळू दिल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. दुसऱ्या संध्याकाळी तिने वाकून पाणी ओतता ओतता सांगितलं, "पावाला हात लावू नका. सगळं अर्धंच मागा. आणि दोन घासांच्या मधे चमचा खाली ठेवा."

"ठेवून काय करू?"

"इकडेतिकडे बघा."

"इकडे बघितलं तर चालेल?"

'इकडे' म्हणजे कुठे, हे विचारायची गरज नव्हती. पाणी पेल्याच्या काठाशी आलं, तेव्हा ती भानावर आली.

मग एकेक संध्याकाळ तरंगत जाऊ लागली. जहाज पुढे सरकतंय असं वाटावं म्हणून सरांनी रोज चौकटींतले फोटो बदलायला सांगितले होते. जुनेद लवकर यायचा. ती नॅपकिनच्या घड्या घालत बसायची आणि तो एकेक समुद्र उतरवून दुसरा चढवायचा. कधी पहाटेचा राखाडी, कधी दुपारचा झगझगीत, कधी दिव्यांनी लखलखलेलं एखादं बंदर. जानेवारीची थंडी दाराच्या फटीतून आत यायची. शिडीवरून तो विचारायचा, "सरळ आहे का?" आणि फ्रेम सरळ असली तरी ती म्हणायची, "थोडं डावीकडे."

"तू... तुम्ही खरंच जाणार?" एकदा त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

"महिन्याभरात. बार्सिलोनाहून जहाज निघतं."

"किती दिवस?"

"नऊ महिने."

हातोडी थांबली. मग त्याने ती मारली, ती नेमकी बोटावर.

तिला ते जहाज मनापासून हवं होतं. मोमीनपुऱ्याच्या दोन खोल्यांत वाढलेल्या मुलीला समोर भिंत नसलेली खिडकी हवी होती. अब्बा गेल्यापासून अम्मीने, बिलकिसने, तिला एकटीने वाढवलं होतं. जहाजाला अम्मीने होकार दिला होता खरा, पण अर्ध्याच मनाने. उरलेलं अर्धं मन मुलीला थांबवायचं रोज नवं कारण शोधत असायचं.

ते कारण दुसऱ्या दिवशी दुपारी मिठाईचा पुडा घेऊन दारात आलं.

रुमाना घरी पोचली, तेव्हा जुनेदची आई रुकसाना चहा पिऊन नुकतीच गेली होती. अम्मीचा चेहरा ईदसारखा उजळला होता. "कसब्यातला मुलगा आहे. स्वतःचं दुकान, एकुलता एक. तुला बघितलंय म्हणे त्याने. त्या म्हणतायत, रमजानच्या आधी निकाह उरकून टाकू."

"आणि माझं जहाज?"

"जहाजाचं काय गं, जहाजं जातच असतात."

रुमाना मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली. राग आला होता, भयंकर राग. आणि रागापेक्षा वाईट म्हणजे तो आवडत होता. आवडत नसता तर एका शब्दात नाही म्हणून मोकळी झाली असती. आता हो म्हटलं तर जहाज जाणार, नाही म्हटलं तर तो. आणि हा पेच त्याने टाकला होता, तिला एका शब्दाने न विचारता.

त्या संध्याकाळी तिने बॅचमधल्या वैष्णवीशी टेबल बदलून घेतलं. जुनेदसमोर सूप येऊन निवलं, तरी त्याने चमचा उचलला नाही. सर तिथून जाताना म्हणाले, "या टेबलाला बोट लागलीय का?"

जेवणं आटोपल्यावर त्याने तिला जिन्यात गाठलं.

"रुमाना, ऐकून तर—"

"तुम्ही मला विचारलं होतंत?"

"विचारणारच होतो. म्हटलं, आधी अम्मीकडून रीतसर..."

"रीतसर! माझ्याशी चार वाक्यं बोललात नि घरी मिठाई?"

"तू चाललीस! मला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही."

"पावाच्या टोपलीचंही हेच केलं होतंत." ती एक पायरी उतरली. "पुढे काही आहे की नाही, याचा विचारच नाही. समोर दिसलं की संपवायचं."

तो म्हणाला, "माफ कर."

"माफीने माझी अम्मी थांबायची नाही. ती तारखा बघतेय. म्हणते, नाही म्हणायचं तर कारण सांग. काय सांगू? मुलगा वाईट आहे म्हणून?"

"आहे का?"

तिने ओढणी सारखी केली आणि भराभर जिना उतरून गेली. उत्तर न देणं हेही उत्तरच असतं, पण ते कळायला माणसाला जरा उसंत लागते.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. चौकटींत कालचंच बंदर होतं, जहाज जागचं हललं नव्हतं. दार वाजलं की तिची मान वळायची, आणि वळली म्हणून तिला स्वतःचाच राग यायचा.

"येतंय की गं," सोजरबाई न विचारताच म्हणाल्या. "बाप्या मानसाला चूक उमगायला येळ लागतुया. ह्यास्नी इचार."

मच्छिंद्रकाकांनी माशातला काटा शोधण्यात लक्ष घातलं.

ती घरी गेली तेव्हा अम्मी स्वयंपाकघरात नुसतीच बसली होती. गॅस बंद. समोर न चिरलेले कांदे.

"तो आला होता," अम्मी म्हणाली. "आईला घेऊन."

रुमाना तिच्यासमोर खाली बसली.

"माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, चाची, ही बोलणी आज थांबवा. घाई मी केली, तिला न विचारता केली. ती जहाजावर जाईल. परत आल्यावर तिला वाटलं तर ती सांगेल, नाही वाटलं तरी माझी तक्रार नाही. आईसमोर बोलला, रुमाना! रुकसानाचं तोंड बघवत नव्हतं. म्हणाली, चार लोकांत माझा शब्द गेला. त्याने तिचे हात धरले, म्हणाला, शब्द तुझा नाही गेला अम्मी, चूक माझी होती."

"मग?"

"मग काय? मी विचारलं, नऊ महिने तू करणार काय? तर म्हणाला, दुकान आहे." अम्मीने डोळे पुसले, कांदा न चिरताच. "खरं सांगू? मला जहाजाची भीती नव्हतीच कधी. भीती होती की तू गेलीस तर तुझ्यासाठी थांबणारं कुणी उरणार नाही. मी किती दिवस आहे... आता जा बाई. जा तू."

रुमाना अम्मीच्या कुशीत शिरली, लहानपणी शिरायची तशी. त्या दिवशी मायलेकींनी रडत हसत खिचडी खाल्ली.

सफरीच्या शेवटच्या संध्याकाळी एक गंमत असायची. शिकणाऱ्यांनी बसायचं आणि पाहुण्यांनी वाढायचं. रुमाना खुर्चीत बसली, तर हात कुठे ठेवावेत कळेना. मच्छिंद्रकाका गावच्या पंगतीत फिरावं तसे सुपाचं भांडं घेऊन फिरत होते. "घ्या ओ, लाजू नका, आपलंच घर हाय!" सर कपाळाला हात लावून उभे होते.

आणि जुनेद आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातावर नॅपकिन. भिंतीवरचे समुद्र त्याने कधी बदलले कोण जाणे, सगळ्या चौकटींत मोकळं, शांत पाणी होतं, किनारा कुठेच नव्हता. त्याने तिच्यासमोर बशी ठेवली, उजवीकडून ठेवायची ती डावीकडून.

"चुकलं," ती म्हणाली.

"बरंच चुकलंय माझं."

"अम्मीने सांगितलं मला. सगळं."

त्याने मान हलवली. तिला थोडंसं वाढलं, मागे सरकला, वाट पाहत उभा राहिला. ती खात होती आणि तो नुसता उभा होता. दिव्यांचा पिवळा उजेड, चमच्यांची किणकिण, सोजरबाईंचं लांबून येणारं हसू, सगळं पाण्याखालून आल्यासारखं वाटत होतं. आता बोलेल, मग बोलेल... मासा संपला, पास्ता संपला.

"काही म्हणायचं नाही तुम्हाला?"

"नाही. शब्द दिलाय. तू परत येईपर्यंत एक अक्षर विचारणार नाही."

"अजिबात?"

"अजिबात."

तिने वर पाहिलं. हा मनुष्य खरंच नऊ महिने तोंड मिटून बसेल, याची तिला त्या क्षणी खात्री पटली. घाई करायला लागला तर मिठाई घेऊन आईलाच पाठवणार, आणि थांबायला लागला तर दगडासारखा थांबणार. मधलं काही याला येतच नव्हतं.

"मला तू आवडतोस, जुनेद," ती म्हणाली. "खूप आवडतोस."

त्याच्या हातातली पुडिंगची वाटी कलली. कॅरमेलचा ओघळ पांढऱ्या नॅपकिनवरून बाहीत गेला, त्याला पत्ता नव्हता. "हे... हे तर परत आल्यावर सांगायचं होतं ना?"

"थांबायचं होतं ते निकाहसाठी. बोलायला कुणी मनाई केली होती?"

तो तेच वाकडं हसू हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. "मलाही तू... म्हणजे, पहिल्या दिवसापासून... जिन्यातच..."

"सावकाश सांग. महिना आहे अजून." तिने शेजारची खुर्ची पायाने बाहेर सरकवली. "बस आधी."

"सर बघतायत."

सर बघतच होते. पण पुणेकर असूनही ते एक शब्द बोलले नाहीत.

तो बसला. दोघांच्या मधे एकच वाटी होती, तिने चमचा त्याच्याकडे सरकवला. टेबलक्लॉथखाली त्याची बोटं तिच्या बोटांना लागली, बिचकली, आणि मग तिथेच राहिली.

"नऊ महिने," तो म्हणाला.

"नऊ महिने. मी कधी उतरणार ते कळवीन. विमानतळावर घ्यायला तू स्वतः ये." तिने त्याची बोटं घट्ट धरली. "तुझ्या अम्मीला पाठवू नकोस."