खालच्या कप्प्यातला जोड

तो पहिल्यांदा आला तेव्हा मी दोन गिऱ्हाइकांच्या कात्रीत सापडले होते, आणि त्यातलं एक गिऱ्हाईक दुकानात नव्हतंच.

समोर एक शिक्षिका बसल्या होत्या. एका पायात आमचा तपकिरी बूट, दुसऱ्यात त्यांची जुनी चप्पल. त्या नंबरातला तो शेवटचा जोड. मी बिल करायला वळले आणि काउंटरवरचा फोन टिंगटिंगला. तोच जोड, तोच नंबर, आत्ताच कुणीतरी आमच्या वेबसाइटवरून विकत घेतला होता.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही, म्हणजे…" मी म्हटलं आणि फोनचा आवाज बंद केला.

तेवढ्यात दारात कुणीतरी छत्री झटकली. बुटांच्या दुकानात वाढलेल्या मुलीला माणसाचे आधी पाय दिसतात, चेहरा नंतर. याच्या उजव्या बुटाचा तळ सुटला होता आणि ओला मोजा बाहेर डोकावत होता.

"बसा ना. आठ नंबर, बरोबर? आणते," मी सुटकेच्या आनंदात म्हटलं.

"नऊ," तो माझ्या फोनकडे बघत म्हणाला. "आणि मी बूट घ्यायला नाही आलो. हे जे आत्ता तुमचं झालं ना… ते परत होऊ नये, म्हणून आलोय."

माझा नंबर कधी चुकत नाही. त्या दिवशी चुकला. मग मी चेहरा पाहिला, आणि पाहायला नको होता असं आज वाटतं.

दुकान माझ्या बाबांचं आणि काकांचं. बाबा गेल्यावर काउंटरवर मी उभी राहिले आणि काकांनी बाकीचं सांभाळलं. मग काकांनी वेबसाइट काढली, त्यानंतर एका मोठ्या ऑनलाइन बाजारातही माल लावला. विकायच्या जागा तीन, माल मात्र तोच एक, आणि एका जागेचा दुसरीला पत्ता नाही. रोज कुणाला तरी "माफ करा, संपला" म्हणायचं, रोज कुणाच्या तरी शिव्या खायच्या. म्हणून काकांनी ऑर्डरी सांभाळणारं सॉफ्टवेअर घेतलं, आणि ते बसवायला कंपनीने हा माणूस पाठवला. मी त्याचं नाव ठेवलं 'सिस्टीम'. तो मला 'काउंटर' म्हणायला लागला.

"हे बघा, काउंटर," तो स्टुलावर बसून समजवायचा. "प्रत्येक जोड इथे एकदाच दिसेल. ऑर्डर कुठूनही येवो, आली की तो जोड त्या माणसासाठी राखीव. बाकी सगळीकडून आपोआप गायब."

"आणि माणसाने मन बदललं तर?"

"तर थोडा वेळ वाट बघायची, मग सोडून द्यायचा. सिस्टीमला लोभ नसतो."

"सिस्टीमला की 'सिस्टीम'ला?"

तो कीबोर्डकडे बघून हसला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या… माझ्याही झाल्या असाव्यात, पण आरसे आमच्याकडे गुडघ्याच्या उंचीवरच आहेत.

आठवडाभर सगळं जुळलं आणि मग पुन्हा बिघडायला लागलं. सॉफ्टवेअर म्हणायचं जोड आहे, मांडणीवर जोड नसायचा. तो दिवसभर डोकं धरून बसला. शेवटी गुडघे टेकून त्याने काउंटरच्या खाली पाहिलं आणि तिथे सापडली सात-आठ खोकी.

"हे काय?"

"खालचा कप्पा," मी म्हटलं. "ठेवणीतला. दवाखान्यातल्या सिस्टरबाईंना पांढरे, त्या ड्युटी संपली की येतील. ते काळे एका बँडवाल्याचे. तो म्हणालाय, ठेव माझ्यासाठी."

"बिल झालंय?"

"नाही."

"नोंद?"

"शब्द दिलाय ना मी!"

मला वाटलं आता भडकणार. त्याच्यासारखे शहाणे लोक अशा वेळी भडकतात. पण तो तसाच खाली बसून राहिला, एकेका खोक्यावर हात ठेवत. मग उठला आणि बराच वेळ काहीतरी टाइप करत राहिला. "या," तो म्हणाला. पडद्यावर दुकान, गोदाम अशा जागांच्या खाली एक नवी जागा उगवली होती: खालचा कप्पा. इथे ठेवलेला जोड कुणालाच विकला जाणार नव्हता. मी सोडेपर्यंत.

"असं करतात का?" मी विचारलं.

"करत नाहीत," तो म्हणाला. "पण तुमच्या शब्दाला कुठेतरी जागा पाहिजे ना."

मी त्याच्या प्रेमात पडले ती तिथे, काउंटरच्या खाली बघता बघता. काय करणार! फुलंबिलं आणणाऱ्यांना नाही म्हणता येतं. अशाला नाही म्हणता येत नाही.

मग रोजचंच झालं. तो चहाचे दोन कप घेऊन यायचा आणि आपला माझ्या कपाशेजारी ठेवायचा, कानाला कान लावून. मी त्याच्या फाटक्या बुटाला नावं ठेवायची.

"नवे घे की. आठ नंबर देते."

"नऊ."

"बघू दे पाय."

"पाय बघण्याइतकी ओळख झाली नाही अजून."

"मग कधी होणार… सॉफ्टवेअर बसल्यावर?"

त्यावर त्याने मान खाली घातली. मला वाटलं लाजला. लाजला नव्हता. सॉफ्टवेअर काय दाखवायला लागलंय ते त्याला आधी कळलं होतं.

ते दाखवत होतं की आमच्या ऑर्डरी येतात वेबसाइटवरून आणि ऑनलाइन बाजारातून. काउंटरवरून येतात त्या पासरीभर गप्पा आणि मूठभर विक्री. आणि दुकानाचं भाडं काकांना झेपत नव्हतं. त्याने तो तक्ता काकांपुढे ठेवला, कारण काकांनी विचारलं होतं. काका रात्रभर झोपले नसावेत. सकाळी माझ्यासमोर बसले आणि टोपी काढून हातात घेतली.

"पोरी, दुकान बंद करू. माल गावाबाहेरच्या गोदामात नेऊ. तुला तिथे पॅकिंगला घेतो, पगार तोच."

"आणि काउंटर?"

काका टोपीची शिवण चाचपत राहिले. "तुझ्या बाबाने रंधा मारला होता त्याला," एवढंच म्हणाले.

मी थेट त्याच्याकडे गेले. "तुला माहीत होतं?"

"हो."

"लपवता नसतं आलं?"

"आलं असतं," तो म्हणाला. "अजून वर्षभर. मग काका गोदामासकट बुडाले असते… आणि तूसुद्धा."

पहिल्यांदाच तो मला 'तू' म्हणाला. असं ऐकायचं नव्हतं मला ते. मी त्या दिवसापासून त्याच्याशी बोलले नाही. त्याचं काम संपलं, तो कंपनीच्या ऑफिसात परत गेला, आणि चहाचा एकच कप यायला लागला.

दुकान रिकामं होत गेलं. ठेवणीतले जोड ज्याचे त्याला दिले. सिस्टरबाईंनी पांढरे बूट घेतले आणि माझा हात दाबून ठेवला. शेवटी काकांनी सॉफ्टवेअरमध्ये दुकान ही जागा बंद करायला घेतली, आणि सॉफ्टवेअर अडलं. 'या जागेवर एक ऑर्डर बाकी आहे. ती पूर्ण झाल्याशिवाय जागा बंद करता येणार नाही.'

"कुणाची?" काका चष्मा वर करत म्हणाले.

मी पाहिलं. वेबसाइटवरून आलेली ऑर्डर. पैसे भरलेले. पोचवण्याच्या पत्त्याऐवजी लिहिलेलं: 'दुकानातून घेऊन जाईन.' जोड कुठला ते मी वाचलंच नाही, नजर जागेवर अडली: खालचा कप्पा. आणि खाली फोन नंबर… तो नंबर मला झोपेतून उठवलं तरी सांगता आला असता.

"येईल कुणीतरी," मी म्हटलं.

तो येणार नव्हता. न येण्यासाठीच त्याने ऑर्डर केली होती. त्याच्याच सॉफ्टवेअरच्या दारात त्याने पाय अडकवून ठेवला होता, माझ्यासाठी. मी वाकून, जाण्याआधी त्याने मागे सरकवलेलं ते एकुलतं एक खोकं पाहिलं, उघडलं नाही. बाकीच्या मांडण्या उघड्याबोडक्या, पण मी रोज दार उघडायची, काउंटर पुसायची, आणि वेड्यासारखी खूश असायची. माझं दुकान अजून चालू होतं. कुणालातरी ते चालू हवं होतं.

काका रोज विचारायचे, "आलं का ते गिऱ्हाईक?" सॉफ्टवेअरमधून दुकान गेल्याशिवाय सगळा माल गोदामाच्या नावावर चढत नव्हता, आणि गाळ्याचा मालक किल्ल्या मागत होता. एका दुपारी मी दारातून पाहिलं. हमाल परवडत नाहीत म्हणून काका स्वतः खोकी टेम्पोत चढवत होते. अर्ध्यावर थांबून त्यांनी टेम्पोला कपाळ टेकवलं, आणि मी बघत नाही ना, हे वळून पाहिलं.

मी आत येऊन फोन लावला.

"तुमची ऑर्डर तयार आहे," मी म्हटलं. "घेऊन जा."

पलीकडून आलं, "नक्की?"

"ये," मी म्हटलं. "मला हे एकटीने बंद करवत नाही."

तो संध्याकाळी आला. बाहेर भुरभुर चालू होती आणि बूट तोच, तळ सुटलेला. रिकाम्या दुकानात आमचे आवाज घुमत होते, म्हणून दोघंही हळू बोलत होतो.

"उद्या निघतोय," तो म्हणाला. "दुसऱ्या शहरात. असंच एक दुकान आहे… कपड्यांचं."

"तिथेही काउंटरवर कुणी असेल. तिला आधीच सांग."

"तुला आधी सांगितलं असतं तर बोलली असतीस माझ्याशी?"

"बोलले असते," मी म्हटलं. "हसले नसते इतकंच."

त्याने डोळे मिटले. मग म्हणाला, "माझं तुझ्यावर प्रेम आहे. हे म्हणायचं तोंड नाही मला, तरी म्हणतोय."

"माझंही आहे," मी म्हटलं. इतकं सोपं होतं ते, आणि इतकं निरुपयोगी. "थांब ना… इथेच."

"बाबा अंथरुणाला खिळलेत. बहिणीचं शिक्षण चाललंय. घर माझ्या पगारावर आहे… तू येशील?"

मी टेम्पोकडे पाहिलं. आईचे दुखरे गुडघे आठवले, काकांचं कपाळ आठवलं. मी मान हलवली आणि त्याने पुन्हा विचारलं नाही. आम्ही एकमेकांना फार नीट समजत होतो, तेच वाईट झालं.

मी खोकं काउंटरवर ठेवलं आणि पडद्यावर 'गिऱ्हाइकाला दिले' दाबलं. ऑर्डर पूर्ण झाली. मग 'जागा बंद करा'. या वेळी काही अडलं नाही. दुकान यादीतून गेलं, त्याच्यामागून खालचा कप्पाही गेला.

त्याने खोकं माझ्याकडे सरकवलं. "उघड."

आत निळे बूट होते. लेडीज. पाच नंबर. माझा नंबर.

मी आख्ख्या गावाच्या पायांचा नंबर सांगायची, पण माझा कुणी विचारला नव्हता. मी दिवसभर आईच्या जुन्या चपला फरफटत उभी असायची.

"नको," मी म्हटलं. "परत घेते मी. लगेच मालात टाकते." आणि खरंच बटणं दाबायला लागले. परत घेण्याची जागा निवडा, सॉफ्टवेअर म्हणालं. यादीत दुकान नव्हतं.

"परत घेता येत नाही," मी म्हटलं. "परत घ्यायला दुकानच राहिलं नाही." आणि मला हसू आलं, मग ते हसू राहिलं नाही.

तो स्टूल ओढून खाली बसला, जसं मी इतकी वर्षं बसत होते, आणि माझ्या पायांत बूट घातले. नाड्या बांधल्या. एकदा हात टाचेवर तसाच राहिला.

"पहिले काही दिवस चावतील," तो म्हणाला. "मग सवय होते."

"मला शिकवतोस?"

"तुझंच वाक्य आहे. प्रत्येकाला सांगायचीस."

तो गेला. कोपऱ्यावर वळताना सुटलेला तळ फटफट वाजत होता, आणि तो आवाज थांबेपर्यंत मी दारात होते. मग कुलूप लावलं, किल्ली काकांच्या हातात दिली आणि चालत घरी आले.

आईने दारातच पाहिलं. "नवे बूट? कुठून आणलेस?"

"दुकानातले. शेवटचे."

"अगं, रडतेस काय? चावतात का?"

"हो," मी म्हटलं. "फार चावतात."

"मग काढ की!"

मी भिंतीला टेकून खाली बसले. जेवायची वेळ झाली, आईने दोनदा हाक मारली, तरी बूट पायांतच होते.