सव्वाअकराला सापडलेली चूक

पहिल्याच दिवशी ती चुकून त्याच्या खुर्चीत बसली.

"बसा, बसा," मागून आवाज आला. "संध्याकाळपासून ती तुमचीच आहे."

अगं बाई! म्हणजे नोकरी सोडून चाललेला तो हाच. परगावी नवं काम मिळालेलं, बॅग भरून टेबलाखाली ठेवलेली. फक्त प्रोग्रॅममधल्या एका चुकीनं त्याला अडकवलं होतं. वाचनालयाचा 'पुस्तक परत करा' हा मेसेज वाचकांना दोन-दोनदा जात होता. चूक सापडली की तो मोकळा.

"शोधायची कशी?" तिनं विचारलं. आई तिला प्रश्नपेटी म्हणायची, ते काही उगीच नाही.

"तुम्हीच सांगा."

"मी तर प्रोग्रॅम थांबवत थांबवत बघते. एकेका ओळीवर."

"मी त्याला खुशाल पळू देतो. फक्त कुठे होतास, किती वाजता, याच्या जागोजागी नोंदी ठेवायला लावतो."

"म्हणजे पाळत!"

"आणि तुमची उलटतपासणी... घाबरेल की बिचारा."

तिनं हट्टानं थांबवूनच पाहिलं. दहा वेळा. दहाही वेळा मेसेज शहाण्यासारखा एकदाच गेला. असं का? आता तिला चैन पडेना. "घ्या, करा तुमची पाळत," ती म्हणाली. त्यानं नोंदी पेरल्या, शेजारी खुर्ची ओढली. त्याचं कोपर तिच्या कोपराला लागलं... दोघांनीही हात हलवला नाही.

सव्वाअकराला तो पाणी आणायला गेला, आणि तिला दिसलं. एकच काम प्रोग्रॅमच्या दोन भागांकडे दिलेलं! दोघं एकाच क्षणी यादी बघत, 'अजून पाठवला नाही' असं वाचत आणि दोघंही पाठवून मोकळे होत. एकाला थांबवलं की दुसऱ्याचं आधी उरके, म्हणून चूक गायब. तिला ओरडून सांगावंसं वाटलं — तेवढ्यात तो दारात दिसला, दोन पेले जपून आणणारा. सांगितलं की हा चालला.

तिनं नोंदी भराभर वर सरकवल्या. "काही नाही मिळालं. आपण अर्धा-अर्धा भाग बंद करून बघू या?"

"अख्खा दिवस मोडेल."

"मोडू दे की!"

मग काय, काम नावाला आणि गप्पा गावभरच्या. तो टाइप करताना गुणगुणतो, तेही बेसूर, हे तिला कळलं. ते तिला आवडलंही. तीन वाजता ग्रंथपाल बाईंचा फोन आला. "चारला पुन्हा दोन-दोन मेसेज गेले, तर लोक मला फाडून खातील हो!"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ऐका ना... चूक मला सकाळीच सापडली होती," ती मान खाली घालून म्हणाली. "तुम्ही जाल म्हणून बोलले नाही."

त्यानं नोंदी खाली आणल्या आणि नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं.

"मला पाणी आणायला जायच्या आधीच दिसली होती."

"मग बोलला का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

तिच्या गालांवर ऊन चढलं. दोघांनी मिळून अर्ध्या तासात दुरुस्ती केली. चारला मेसेज एकेकदाच गेले. त्यानं बॅग उचलली.

"जायलाच हवं?"

"शब्द दिलाय तिथे. जावं लागेल." तो दाराशी घुटमळला. "पण... रविवारी येऊ? तुला भेटायला?"

तिनं उगीच भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं.

"का? शनिवारी काय काम आहे तुला?"