नकाशावालीचं शेवटचं प्रकरण

जिन्यात दोघांची टक्कर झाली आणि लेखकमहाशयांची चारशे पानं पायऱ्यांवर पसरली. पानांना आकडे घालायचे असतात, हे या भल्या माणसाच्या गावीही नव्हतं! प्रकाशनसंस्थेची संपादिका बिचारी तिथेच बसून पानं लावू लागली. कादंबरी गादी गमावलेल्या राजपुत्राची. कुठल्या लढाईत त्याला कुठे लागलं, यावरून तिने तासाभरात सगळी पानं जुळवली.

"माझा राजपुत्र तुम्हालाच जास्त कळलाय," तो म्हणाला.

"सारखं लागतं हो त्याला... जरा जपा," ती म्हणाली, आणि उगीचच लाजली.

मग काम सुरू झालं. तो एकेक प्रकरण नव्याने लिहून आणायचा. ती समासात पेन्सिलीने शंका लिहायची, तो तिथेच उत्तर द्यायचा. राजपुत्राला चोरवाटा दाखवणारी एक नकाशावाली होती. तिसऱ्या प्रकरणात तिच्या केसांत पेन्सिल आली, चौथ्यात चहा गार करून प्यायची खोड. दोन्ही संपादिकेच्याच! तिने समासात विचारलं, "ही कोण?" त्याने लिहिलं, "ओळखा." झालं, पोरगी कामातून गेली. घरी आईने स्थळाचा विषय काढला, तर इतक्यात नको म्हणाली.

शेवटचं प्रकरण आलं. राजपुत्राने शेजारच्या राजकन्येशी लग्न केलं आणि सासऱ्याच्या सैन्याच्या जोरावर गादी परत मिळवली. नकाशावाली गर्दीत उभी राहून राज्याभिषेक बघत होती, आणि म्हणे खूश होती.

संपादिका ती पानं घेऊन लेखकासमोर बसली. "हिला राणी का नाही केलंत?"

तो टेबलाकडेच बघत राहिला. "गादीला सैन्य लागतं... हिच्याकडे नुसते नकाशे." मग हळूच म्हणाला, "तुमच्या मालकांच्या भाचीशी माझं ठरलंय. पुढची तीन पुस्तकं ते काढणार आहेत. पण तुम्ही मला आवडता, ते खोटं नव्हतं."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आवडते, आणि तरीही!

"मग निदान ती खूश होती, हे तरी लिहू नका."

"असू दे ना... वाचकांना बरं वाटतं."

छापखान्यात जाण्याआधी समासातली पेन्सिल खोडायची, हा तिथला रिवाज, आणि ते काम संपादिकेचं. दुपारभर ती खोडरबर घासत बसली. "ओळखा" खोडताना कागद थोडा फाटला. शेवटच्या पानावर मात्र तिने लाल पेन उचललं. लाल खूण छापखाना मुकाट्याने पाळतो. 'ती खूश होती' यावर तिने एक सरळ रेघ मारली.

पुस्तक आलं, गाजलंही. त्यात नकाशावाली गर्दीत नुसती उभी आहे.