नोंग इरेनेओच्या सूचना

मयताच्या घरी रिवाजाप्रमाणे कॉफी झाली, बिस्किटं झाली, कोपऱ्यात पत्त्यांचा डावही रंगला होता. क्रिसेल्डाने पेटीत लग्नातला सदरा घालून अनवाणी निजलेल्या नोंग इरेनेओला, म्हणजे इरेनेओदादाला, एकदा डोळे भरून पाहून घेतलं. कोड लिहायला तिला यानेच शिकवलं होतं. बंतायान बेटावरच्या कोळ्यांना वादळाची आगाऊ सूचना देणारं ॲप दोघांनी मिळून उभं केलं. सर्व्हर तो त्याच्या घरून सांभाळायचा, मोबाइलची बाजू ही आपल्या घरून; तिच्या आईबापाने त्याला कधी पाहिलंही नव्हतं. आठवडाभर तापाने फणफणला आणि गेला. चाळिशीतला माणूस, काय म्हणावं याला.

भर दुपारी दोनला फोन वाजला. धक्क्यावरचा पहारेकरी विचारत होता की वादळ इकडे वळलंय, एक वाजता सूचना सुटली म्हणता, मग कोळ्यांची एकही पंपबोट, इंजिनाची होडी, माघारी का फिरली नाही? बाहेर एक्केचाळीस बोटी होत्या. त्यातली एक तिच्या बापाची, ताताय निकानोरची.

मग कसलं काय, ती मोटारसायकल घेऊन सुसाट घरी निघाली. ऑफिस असं नव्हतंच, घरातलं टेबल हेच ऑफिस. मयताच्या घरून उठलं की थेट आपल्या घरी यायचं नाही, वाटेत कुठेतरी टेकायचं, म्हणजे मागोमाग येणारा मेलेला जीव तिथेच चुकतो, हे तिकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. दारातच नानायने, म्हणजे आईने, अडवलं.

"कुठे थांबलीस?"

"बेकरीत," क्रिसेल्डा म्हणाली आणि आत घुसली. ती कुठेही थांबली नव्हती.

लॅपटॉप उघडला. सर्व्हर म्हणत होता, सूचना गेली. पोच मात्र एकाही फोनची नव्हती. चूक कुणाची ते तिला कळत होतं. गेल्या मंगळवारी तिने ॲपची साफसफाई केली होती. इरेनेओच्या जुन्या, निरुपयोगी वाटणाऱ्या ओळी खोडल्या आणि नवं ॲप सगळ्यांच्या फोनवर पाठवून दिलं. आजारी माणसाला कशाला त्रास द्यायचा, म्हणून विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारायचा कंटाळा केला.

तिने त्याची सर्व्हरवरची फाइल उघडली. कोडच्या डोक्यावर सूचना लिहून ठेवायची त्याला खोड होती, आणि त्या सगळ्या हिच्यासाठी; हिला तो इंदाय, म्हणजे पोरी, म्हणायचा. 'इंदाय, तुझ्या नव्या फोनवर चाललं म्हणून नाचू नकोस. बाजारातला सगळ्यात भिकार फोन घे आणि त्यावर चालवून बघ.' खाली आणखी एक होती. 'जी ओळ कळत नाही ती खोडायची नाही, पोरी. आधी विचारायचं.' तिला रडू फुटलं. आता कुणाला विचारायचं?

खोलीत मेणबत्तीचा वास येत होता. मेणाचा, कोमेजल्या फुलांचा आणि त्याखाली पेटीतलं प्रेत टिकवायच्या औषधाचा. अंगावरच्या कपड्यांना वास लागला असेल, असं म्हणून ती फाइलच्या शेवटाला गेली. तिथे सकाळी तिने फाइल पाहिली तेव्हा नसलेली एक सूचना होती.

'इंदाय, फोनच्या घड्याळावर विसंबू नकोस. कोळ्यांचे फोन पाच-दहा मिनिटं मागे असतात. आत्ताची सूचना त्यांना पुढच्या वेळेची वाटते आणि ॲप ती खोटी समजून टाकून देतं. मंगळवारी खोडलीस ती ओळ त्यासाठीच होती.'

मंगळवारी इरेनेओ शुद्धीवर नव्हता. पडद्यावर, तिच्या डोळ्यांदेखत, खाली आणखी अक्षरं उमटत होती...

'ॲप बदलायला आता वेळ नाही. सर्व्हरवरून वेळेची जागा रिकामी ठेवून पाठव. रिकामी दिसली की फोन लगेच वाजतो.'

घाबरायला तिला सवड कुठे होती? तिने ती जागा रिकामी केली आणि सूचना पुन्हा सोडली. एक पोच आली. मग चार. मग भराभर. नकाशावरचे ठिपके वळले, किनाऱ्याकडे सरकू लागले. तिने मोजले, चाळीस.

पुन्हा मोजले. चाळीसच. तातायची पोच नव्हती. तिने फोन लावला, तो बंद लागला. बाहेर भर दुपारी अंधारून आलं होतं, वाऱ्याने पत्रा धडाधड आपटत होता. नानाय कोपऱ्यात जपमाळ ओढत होती.

क्रिसेल्डाचं डोकं चालेना. शेवटी तिने त्याच्याच सूचनेखाली लिहिलं. 'नोंग, ताताय अजून बाहेर आहे. फोन बंद आहे. मी काय करू? माझ्यामुळे झालं हे. काहीही कर, पण त्याला आण. तू म्हणशील ते करीन.'

मग एकच ओळ आली.

'मी जातो. दार लावू नकोस.'

आणि वास गेला. एकदम, कुणी खोलीतून उठून जावं तसा.

ती धावत धक्क्यावर गेली. चाळीस बोटी आल्या, बायकांनी आपापली माणसं मिठीत घेतली, घरी नेली. ती एकटीच पावसात उभी राहिली. तास गेला की दोन, तिला सांगता आलं नसतं. आणि मग लाटांतून तातायची बोट आली, एका बाजूचा तोल धरणारा बांबू मोडलेली, पण आली. तिने कमरेइतक्या पाण्यात जाऊन बापाला कवटाळलं आणि लहान पोरीसारखी रडली.

"फोन सकाळीच मेला होता," ताताय दम खात म्हणाला. "आम्ही चुकीच्या दिशेलाच चाललो होतो. तो तुझा माणूस पाण्यात सापडला म्हणून वाचलो."

"कोण माणूस...?"

"नाव कुठलं सांगतोय. बोटीच्या टोकावर बसला आणि नुसता हात दाखवत राहिला, इकडे, इकडे. पायात काही नाही, अंगावर मात्र लग्नातला सदरा. इंदायला शिकवतो एवढंच बोलला. वळणावर उथळ पाण्यात उतरला. मीच म्हटलं, हो पुढे, घरी कपडे बदल, आम्ही आलोच."

क्रिसेल्डाने ओल्या बोटांनी घरचा नंबर लावला. नानायने लगेच उचलला.

"ताताय आला का गं? देवा, तुझे उपकार." मग तिने आवाज खाली केला. "तुझे पाहुणे आलेत. पंचा दिला तर घेत नाहीत, भात वाढला तर शिवत नाहीत. टेबलाशी जाऊन बसलेत. शेजारी दुसरी खुर्ची मांडायला लावली मला. म्हणतात, इंदायचं बरंच शिकायचं राहिलंय, तिला घेऊनच जाईन."