व्हायोलिनच्या पोटात लिहिलेलं

वाद्य हातात घेतलं की त्याचं वय, त्याचे आजार आणि मालकाचा स्वभाव मी पाच मिनिटांत सांगते. आठ वर्षं दुरुस्तीच्या टेबलाशी बसून कमावलेली नजर आहे, उगीच नाही. म्हणून तो उंच माणूस चादरीत गुंडाळलेलं जुनाट व्हायोलिन घेऊन दुकानात आला, तेव्हा मी वरच्या फळीवरच्या चिरेवर बोट फिरवलं, डोळे मिटले आणि सांगून टाकलं, "ही चीर निदान साठ वर्षांपूर्वीची."

"मंगळवारची आहे," तो म्हणाला. "कपाटावरून सूटकेस काढत होतो. माझ्या डोक्यावर पडलं."

त्याने केस बाजूला सारून टेंगूळ दाखवलं. टेंगूळ छान होतं. म्हणजे… त्याच्या खालचे डोळे.

तो दातांचा डॉक्टर निघाला. व्हायोलिन त्याच्या आईचं. ती गेली, हे मागे राहिलं. पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला, आणि माझ्यासाठी दात बघायचा छोटासा आरसा घेऊन आला.

"हा वाद्याच्या पोटात घालून बघा. बरा पडेल."

बरा कसला, फारच बरा पडला! त्या एवढ्याशा आरशात बघायचं तर दोन डोकी एका भोकाशी न्यावी लागतात. त्याच्या शर्टाला लवंगेच्या तेलाचा वास होता. माझ्या हातांना सरसाचा, म्हणजे उकळलेल्या हाडाकातड्याचा. तरी तो मागे सरला नाही.

"आत काही किडलंय का?" त्याने कानाशी विचारलं.

"बरंच. पुढच्या शनिवारी या."

तिसऱ्या शनिवारी तो म्हणाला, "दुसऱ्या गावी मोठ्या इस्पितळात नोकरी लागलीय. हे झालं की निघणार. आईचं आहे, अर्धवट टाकून नाही जाणार."

झालं! सोमवारी जे चिकटवावं ते मी गुरुवारी पातळ सुरी घालून सोडवायला लागले. सरसाचं तेवढं बरं असतं, ऊब दिली की सुटतो. कधी आतली पट्टी सैल, कधी लाकडाला हवा लागू द्या. सात आठवडे! डॉक्टर एकदाही कुरकुरला नाही.

"माझे पेशंट इतक्या वेळा बोलावल्यावर दवाखाना बदलतात," तो म्हणाला.

"मग तुम्हीही बदला."

"दुखत नाहीये ना अजून…"

बाबा कोपऱ्यातून बघायचे. दुकान त्यांचंच, डोळे अधू झाल्यापासून ते नुसते देखरेख करत. "अगं, हयातभरात मी इतकं आजारी व्हायोलिन पाहिलं नाही," ते म्हणायचे. मी म्हणायचे, "जुनं आहे हो, बाबा."

सातव्या शनिवारी मी खुंट्या घासत होते. दोन हातात, दोन दातांत. तेवढ्यात डॉक्टर समोर बसला, घसा खाकरला.

"इस्पितळवाले आता थांबायला तयार नाहीत. पण कुणी मला थांब म्हटलं – मनापासून – तर मी त्यांना नाही म्हणून कळवेन. म्हणेल का कुणी?"

तोंडात सामान असलेल्या माणसालाच महत्त्वाचे प्रश्न विचारायची या लोकांना सवय असते. मी म्हणाले, "अं… अं!"

"ठीक आहे," तो म्हणाला. रोज तेच उत्तर ऐकणारा माणूस तो, तरी माझं 'थांब' त्याने 'नाही' असं ऐकलं! उठला आणि गेला.

मग मी ठरवलं. आमच्या धंद्यात रीत आहे – वाद्य मिटण्याआधी दुरुस्त करणाऱ्याने आत पेन्सिलीने नाव आणि तारीख लिहायची. मी नाव लिहिलं, तारीख लिहिली आणि खाली लिहिलं, 'जाऊ नकोस. माझ्याजवळ थांब.' तोंडावर सात आठवडे 'अहो डॉक्टर', लाकडावर एकदम 'तू'. वरची फळी मुद्दाम उघडीच ठेवली. शनिवारी तो येणार, वाचणार. त्यासाठी शुक्रवारी मी केस कापायला गेले. तीन तास लागले आणि कपाळावर झाडूचा तुकडा आला.

परत आले तर व्हायोलिन शिकंज्यात आवळलेलं.

"मिटलं एकदाचं!" बाबा हात पुसत म्हणाले. "तुझ्याच्याने होत नव्हतं. डॉक्टरांना फोनही केला. उद्या दुपारच्या बसनेच निघतायत."

"बाबा! आत काय लिहिलं होतं ते वाचलंत?"

"नाव-तारीख असणार. चष्मा सापडेना. सांधा काय, बोटांना कळतो."

शनिवारी डॉक्टर आला. त्याला एकच गाणं वाजवता येत होतं, आईने शिकवलेलं, तेही पाऊण. वाजवलं. दुरुस्ती इतकी उत्तम झाली होती की मला रडू आलं.

"आणखी काही राहिलंय का?" त्याने माझ्याकडे बघत विचारलं.

"काहीही नाही!" बाबा म्हणाले. "पन्नास वर्षं उघडावं लागणार नाही."

"मी यांना विचारतोय."

बाबा किती वर्षांनी असे छाती पुढे काढून उभे होते. सुरी टेबलावर होती. माझं तोंड रिकामं होतं.

"नाही," मी म्हणाले. "काही नाही राहिलं."

"केस… वेगळे दिसतायत," तो म्हणाला आणि गेला.

मी पंधरा मिनिटं टेबल पुसलं. मग अंगातल्या एप्रनसकट धावत सुटले. स्टॉपवर दोन बस पाठोपाठ उभ्या होत्या. एका खिडकीत चादरीचं गाठोडं दिसलं, मी दारातून आत उडी घेतली, दार बंद झालं. मी चढले होते मागच्या बसमध्ये, गाठोडं पुढच्या बसमध्ये होतं. ती निघून गेली.

"बाई, ही धुवायला चाललीय," ड्रायव्हर म्हणाला.

"थांबवा ना!"

"इथे थांबता येत नाही."

बस धुलाईच्या फाटकातून आत शिरली. मागची एक खिडकी बंद होत नव्हती. मी तिच्याच शेजारी बसले होते.