लाल दोऱ्याच्या वर

ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी माझे केस गळायला लागले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मोठ्या ऑपरेशननंतर होतं असं. सहा महिन्यांत परत येतील." मी कपड्यांच्या कारखान्यात कटिंग करते. समोरच्याचा खांदा नजरेने मोजते, पाव इंचही चुकत नाही. त्यामुळे भांग किती रुंदावतोय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"चला, आरशासमोरचा तुझा अर्धा तास वाचला," नवरा म्हणाला. मी हसले. हसू आलं नव्हतं.

खरी अडचण लेकीची होती. पाच वर्षांची झाली, तरी माझी वेणी मुठीत धरल्याशिवाय तिला झोप येत नसे. एका सकाळी तिच्या मुठीत केसांचा पुंजका राहिला. ती इतकी घाबरली, की माझ्याजवळ यायचीच बंद झाली. ते मला टाक्यांपेक्षा जास्त दुखलं.

शेवटी उरलेली वेणी मी कापली. कापलेल्या टोकाला लाल दोऱ्याची दुहेरी गाठ मारली, टेपने वेणी मोजली. सोळा इंच. लेकीच्या हातात दिली, तशी ती झोपली. माझा जीव भांड्यात पडला.

महिन्याभराने चादर बदलताना वेणी हाती लागली. लाल दोऱ्याच्या वर इंचभर केस होते. गाठ सरकली असणार, म्हणून वेणी पुन्हा मोजली. सतरा. माझंच माप चुकलं असेल, असं आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं आणि गाठ पुन्हा आवळली.

सहा महिने उलटले. माझ्या डोक्यावर काही उगवलं नव्हतं.

"थोडा धीर धरा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

वेणी वीस इंच झाली. लेक आता पाणीसुद्धा बाबाकडेच मागायची.

मी वेणी कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये होती. दुपारी वेणी लेकीच्या मुठीत होती.

परवा मी कामावरून लवकर आले. लेक पलंगावर पडली होती. वेणीचं एक टोक तिच्या मुठीत, दुसरं शेजारच्या पांघरुणात गेलेलं.

"बाळा," मी दारातून हाक मारली.

तिने ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला ना. आई आत्ताच झोपलीय."

मी पुढे गेले नाही. सवयीने पांघरुणाखालचे खांदे मोजले.

साडेचौदा. माझंच माप.